वेळ खाण्याची किंमत

मातीच्या आखाड्यात घड्याळाला कधी फारसा मान नव्हता. हलगी कडाडत असते, वस्ताद कडेला उकिडवे बसलेले असतात, दोन मल्ल मूठभर माती उचलून एकमेकांच्या अंगावर टाकतात, हाताला हात लागतो आणि खडाखडी सुरू होते. ती पाच मिनिटांत संपेल की पाऊण तास चालेल, हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. निकाली कुस्ती म्हणजे एकाची पाठ मातीला टेकेपर्यंतची कुस्ती. ती टेकलीच नाही, तर पंच मध्ये पडून जोड सोडवतात आणि कुस्ती बरोबरीत सुटल्याचे जाहीर करतात. वर्गणी काढून मैदान भरवणाऱ्या गावकऱ्यांना हा निकाल कधीच गोड लागत नाही. दोघेही मानेवर हात टाकून नुसती रेटारेटी करत राहिले, की कडेची मंडळी आधी ओरडतात, मग शिट्ट्या मारतात आणि शेवटी ‘नुरा कुस्ती’ असा शिक्का मारून मोकळी होतात.

त्या शिट्ट्या म्हणजे वेळकाढूपणाला दिलेली शिक्षाच. फक्त ती कुठे लिहिलेली नाही, तिला मोजमाप नाही आणि ती भोगूनही इनामाचा वाटा हातात पडतो. संघटित खेळांना हे परवडत नाही. त्यांना दोन गोष्टी कागदावर उतरवाव्या लागतात: वेळ खाल्ला हे ठरवायचे कोणी, आणि खाल्ला तर दंड किती. गंमत अशी की दंडाचा आकडा एकदा कागदावर आला, की तो भरून वेळ विकत घेणारेही तयार होतात.

बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याच्या राहुल आवारेची सुरुवात मातीतली आणि नाव झाले ते मॅटवर. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातून तो पुण्याला गेला, हरिश्चंद्र बिराजदारांच्या तालमीत घडला आणि २०११ मध्ये बिराजदार गेल्यावर काका पवारांच्या हाताखाली आला. १२ एप्रिल २०१८ रोजी ऑस्ट्रेलियातल्या गोल्ड कोस्ट इथे राष्ट्रकुल स्पर्धेच्या ५७ किलो फ्रीस्टाइल गटाची अंतिम लढत झाली. समोर कॅनडाचा स्टीव्हन ताकाहाशी होता. राहुलने ती १५-७ अशी जिंकली. पुढच्या वर्षी कझाकस्तानात नूर-सुलतानच्या जागतिक स्पर्धेत ६१ किलो गटात त्याने अमेरिकेच्या टायलर ग्राफला ११-४ असे हरवून कांस्यपदक मिळवले. गोल्ड कोस्टच्या लढतीचा हिशोब मांडला तर सहा मिनिटांच्या खेळात दोघांचे मिळून २२ गुण होतात. एका आड एक पकड, सुटका, उलटा डाव असा तो मामला होता. मातीतल्या जाणत्या प्रेक्षकाला असे आकडे सांगितले तर तो आधी विचारेल, पाठ लागली का?

मॅटवरची कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची असते आणि मध्ये ३० सेकंदांची विश्रांती मिळते. वेळ एवढा मोजका असल्यामुळे दोन गुणांची आघाडी घेऊन उरलेली मिनिटे काढणे हा मोह मोठा असतो. त्यावर उतारा म्हणून निष्क्रियतेचा नियम आहे. मल्ल डाव टाकत नाही, समोरच्याची बोटे धरून बसतो, मागे मागे सरकत वर्तुळाच्या कडेच्या रंगीत पट्ट्यात जातो, असे दिसले की फ्रीस्टाइलमध्ये पंच पहिल्यांदा त्याला तोंडी समज देतो. दुसऱ्यांदा तसेच घडले तर फलकावर ३० सेकंदांचे वेगळे घड्याळ सुरू होते. तेवढ्यात त्याने गुण मिळवला तर ठीक. दोघांपैकी कोणीच गुण घेतला नाही, तर प्रतिस्पर्ध्याला आयता एक गुण मिळतो. पहिल्या फेरीची दोन मिनिटे उलटून गुणफलक ०-० असेल, तर पंचाला दोघांतला एक जण निष्क्रिय ठरवावाच लागतो. दोघेही सारखेच सुस्त आहेत, असे म्हणून त्याला हात झटकता येत नाहीत.

इथेच सगळी भांडणे होतात. मागे सरकणारा मल्ल खरोखर पळतो आहे की समोरच्याला अंगावर ओढून घेण्यासाठी जागा करतो आहे? निवांत दिसणारा मल्ल दमला आहे की संधी शोधतो आहे? एकट्या पंचाच्या डोळ्यावर भरवसा नको, म्हणून मॅटवरचा पंच, कडेला बसलेला न्यायाधीश आणि मॅटचा प्रमुख या तिघांपैकी दोघांचे एकमत लागते. तरीही निष्क्रियता ही शेवटी नजरेने ठरवायची गोष्ट राहते. घड्याळ ३० सेकंद मोजते खरे, पण ते कोणाच्या नावाने सुरू करायचे हे माणूस सांगतो.

एवढा खटाटोप कशासाठी, हे १९१२ सालच्या स्टॉकहोम ऑलिंपिककडे पाहिले की कळते. ग्रीको-रोमन मध्यम वजन गटात रशियाकडून खेळणारा एस्टोनियाचा मार्टिन क्लाइन आणि फिनलंडचा आल्फ्रेड असिकाइनेन यांची कुस्ती ११ तास ४० मिनिटे चालली. अधूनमधून पाणी प्यायला थोडी उसंत, की पुन्हा उन्हात रेटारेटी. क्लाइन जिंकला, पण त्याच्या अंगात त्राण उरले नाही; अंतिम लढतीला तो उतरूच शकला नाही आणि सुवर्णपदक स्वीडनच्या क्लेस योहान्सनकडे गेले. त्याच स्पर्धेत वरच्या वजन गटाची अंतिम कुस्ती अँडर्स आल्ग्रेन आणि इवार बोलिंग यांच्यात नऊ तास झाली, निकाल लागेना, आणि शेवटी पंचांनी ती चक्क सोडवली. दोघांनाही रौप्य मिळाले, सुवर्ण कोणालाच नाही. आपल्याकडच्या यात्रेत बरोबरीत सुटलेल्या जोडीचे इनाम वाटून देतात, तसलाच हा प्रकार, फक्त ऑलिंपिकच्या मैदानावरचा.

त्यानंतर शंभर वर्षे कुस्तीचे नियम बदलत राहिले आणि त्यातले काही बदल फार विचित्र होते. २००५ ते २०१२ या काळात दोन-दोन मिनिटांच्या फेऱ्या असत. फेरी गुणशून्य सुटली तर पंच पिशवीतून रंगीत चेंडू काढायचा आणि ज्याच्या रंगाचा चेंडू निघेल त्याला समोरच्याचा पाय धरून सुरुवात करायची मुभा मिळायची. पाय हातात आल्यावर गुण घेणे सोपे. म्हणजे दोन मिनिटे काही न करता घालवा आणि नशिबाच्या चेंडूची वाट पाहा, असे नियमच सुचवत होता. त्याची किंमत खेळाला मोजावी लागली. फेब्रुवारी २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या कार्यकारी मंडळाने २०२० पासून कुस्तीला मुख्य खेळांच्या यादीतून वगळण्याची शिफारस केली. कुस्तीच्या जागतिक संघटनेचे अध्यक्ष पायउतार झाले, मे महिन्यात नवे नियम आले, चेंडूची पिशवी गेली आणि दोन्ही फेऱ्यांचे गुण एकत्र मोजायला सुरुवात झाली. सप्टेंबरमध्ये ब्यूनस आयर्सच्या बैठकीत कुस्तीने ऑलिंपिकमधली जागा परत मिळवली. टीव्हीसमोर बसलेल्या प्रेक्षकाला कंटाळा येतो, या कारणावरून इतका जुना खेळ जवळपास बाहेर पडला होता.

आणि नवा नियमही फिरवता येतो, हे ६ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये दिसले. ५० किलो गटाच्या पहिल्याच फेरीत विनेश फोगटसमोर जपानची युई सुसाकी आली. टोकियोची सुवर्णपदक विजेती, आंतरराष्ट्रीय कुस्तीत तोवर एकदाही न हरलेली. विनेशने आक्रमण जवळजवळ केलेच नाही. सुसाकीला डाव टाकायला जागाच मिळू नये, अशा बेताने ती हात बांधून ठेवत राहिली. निष्क्रियतेचा एक गुण गेला, मग दुसरा गेला. फलक ०-२ दाखवत होता आणि ते दोन्ही गुण सुसाकीने डाव टाकून मिळवलेले नव्हते. शेवटची काही सेकंदे उरली असताना विनेशने एकदम मुसंडी मारली, सुसाकीला खाली घेतले आणि दोन गुण मिळवले. जपानी गोटाने निर्णयाला आव्हान दिले, ते फेटाळले गेले आणि त्याचा आणखी एक गुण विनेशला मिळाला. निकाल ३-२. पुढचे शंभर ग्रॅम जादा वजनाचे प्रकरण सगळ्यांना ठाऊक आहे, ते इथे नको. इथे पाहायचे ते एवढेच, की साडेपाच मिनिटे वेळ काढण्याचा दर दोन गुण होता, आणि तो तिने भरला. हा भित्रेपणा होता असे सुसाकीसमोर उभी राहिलेली कोणतीही पैलवान म्हणणार नाही.

पंचाच्या नजरेवर विसंबायचेच नाही, असे ज्या खेळाने ठरवले तो अमेरिकन फुटबॉल. महाराष्ट्रात या खेळाची ओळख शिरस्त्राण घातलेल्या धिप्पाड खेळाडूंच्या टकरीपुरतीच. २०१२ मध्ये ‘एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया’ नावाची स्पर्धा निघाली, तीत ‘पुणे मराठाज’ आणि ‘मुंबई ग्लॅडिएटर्स’ असे संघ होते आणि पहिल्या हंगामाचे सामने श्रीलंकेत झाले. पुढे तिचा बोलबाला राहिला नाही. पण त्या खेळाची एक खुबी समजून घेण्यासारखी आहे. तो सलग चालत नाही. चेंडू हातात असलेल्या संघाला चार प्रयत्नांत १० यार्ड पुढे सरकायचे असते आणि प्रत्येक प्रयत्न चार-सहा सेकंदांत आटोपतो. कोणीतरी चेंडूधारकाला लोळवतो, शिट्टी वाजते, खेळ थांबतो. मग दोन्ही संघ पुन्हा जुळवाजुळव करून समोरासमोर उभे राहतात. सामना ६० मिनिटांचा, प्रत्यक्षात तीन तासांहून जास्त चालणारा. वॉल स्ट्रीट जर्नलने २०१० मध्ये सामने मोजून पाहिले, तेव्हा त्यात चेंडू खरोखर खेळात असण्याचा वेळ भरला सुमारे ११ मिनिटे.

उरलेला वेळ जातो कुठे? दोन प्रयत्नांच्या मधल्या फटीत. ही फट मोकळी सोडली तर पुढे असलेला संघ अर्धा अर्धा तास सल्लामसलत करत बसेल. म्हणून मैदानाच्या दोन्ही टोकांना दुसरे घड्याळ असते. सामन्याचे घड्याळ वेगळे, हे वेगळे. व्यावसायिक लीगमध्ये आधीचा प्रयत्न संपला की ते ४० सेकंदांपासून उलटे मोजू लागते. दंड, जखम, वेळेची विश्रांती अशा कारणाने खेळ अडला असेल तर पंचाच्या इशाऱ्यानंतर २५ सेकंद मिळतात. शून्य होण्याच्या आत चेंडू मागे टाकून खेळ सुरू करायचा. नाही केला तर पिवळा रुमाल हवेत उडतो आणि संघाला ५ यार्ड, म्हणजे साडेचार मीटरच्या आसपास, मागे जावे लागते. उरलेल्या सेकंदांचा आकडा प्रेक्षकांना दिसेल असे घड्याळ सगळ्या मैदानांवर सक्तीचे झाले १९७६ मध्ये. तेव्हा मुदत ३० सेकंदांची होती आणि ती पंचाने ‘तयार’ म्हटल्यापासून मोजत. पुढे मोजणी आधीचा प्रयत्न संपल्यापासून होऊ लागली, ४५ सेकंद मिळू लागले आणि १९९३ पासून ते ४० झाले.

या ४० सेकंदांत डोके खाणारे काम होते. क्वार्टरबॅक म्हणजे संघाचा सूत्रधार. त्याच्या शिरस्त्राणात छोटा स्पीकर असतो आणि कडेला उभा असलेला प्रशिक्षक त्यातून त्याला पुढचा डाव सांगतो. घड्याळ १५ वर आले की तो आवाज आपोआप बंद होतो. तिथून पुढे तो एकटा. दहा सहकाऱ्यांना डाव कळवायचा, समोरच्या बचावाची रचना वाचायची, ती फसवी वाटली तर ऐनवेळी डाव बदलून सगळ्यांना ऐकू जाईल असे ओरडायचे. परक्या मैदानावर हे ओरडणेच अशक्य करून टाकतात. कॅन्सस सिटीच्या ॲरोहेड स्टेडियममध्ये २९ सप्टेंबर २०१४ रोजी प्रेक्षकांच्या गोंगाटाची नोंद १४२.२ डेसिबल झाली, तो गिनीज विक्रम ठरला. पाहुण्या संघाचे घड्याळ शून्यावर नेण्यात तिकीट काढून आलेल्या माणसाचा घसा कामी येतो, आणि तिथला प्रेक्षक हे आपले काम मानून करतो.

शून्याचा निर्णय मागच्या बाजूला खोल उभा असलेला पंच देतो. तो घड्याळ पाहतो, शून्य दिसले की नजर चेंडूवर आणतो. तोवर चेंडू हलला असेल तर रुमाल निघत नाही. मान वळवायला जो पळभर लागतो, तेवढी सूट खेळाडूंना मिळते आणि सराईत क्वार्टरबॅक ती गृहीत धरून चालतात. घड्याळाच्या हाती सगळे सोपवले तरी कुठेतरी माणसाची मान आडवी येतेच.

पण हा दंडही विकत घेता येतो. ४ जानेवारी २०२०, न्यू इंग्लंड पेट्रियट्स विरुद्ध टेनेसी टायटन्स, बाद फेरी. चौथ्या सत्रात टायटन्स १४-१३ असे एका गुणाने पुढे होते आणि चेंडू लाथेने दूर घालवायच्या बेतात होते. त्यांचे प्रशिक्षक माइक व्रेबल यांनी घड्याळ शून्यावर जाऊ दिले. पाच यार्ड दंड. दंड मोजून झाला की सामन्याचे घड्याळ पुन्हा धावू लागे, त्यामुळे त्यांनी आणखी वेळ जाऊ दिला आणि मग चेंडू सुटायच्या आत मुद्दाम हालचाल करून दुसरा दंड घेतला. लाथ मारूनच टाकायचा चेंडू, तो पाच यार्ड मागून मारला काय आणि दहा यार्ड मागून मारला काय! त्यात वैतागलेल्या पेट्रियट्सकडूनही एक चूक झाली. या सगळ्यात सामन्याची जवळजवळ दोन मिनिटे निघून गेली. पेट्रियट्सचे प्रशिक्षक बिल बेलिचिक कडेला लालबुंद झाले होते. खरे तर युक्ती त्यांचीच. ऑक्टोबर २०१९ मध्ये न्यू यॉर्क जेट्सविरुद्ध त्यांनी ती वापरली होती, आणि व्रेबल हे त्यांच्याच हाताखाली खेळलेले. टायटन्स २०-१३ ने जिंकले. पुढच्या हंगामाआधी लीगने नियम दुरुस्त करून ही पळवाट बुजवली. वेळ वाया घालवल्याचा दंड हेच वेळ घालवायचे साधन झाले होते.

अमेरिकेच्याच भूमीवर असला दंड एका भारतीय विजयाच्या हिशोबात जमा झाला. १२ जून २०२४ रोजी न्यू यॉर्कजवळच्या नासाऊ काउंटी मैदानावर टी-ट्वेंटी विश्वचषकात भारत आणि अमेरिका समोरासमोर होते. अमेरिकेकडून चेंडू टाकत होता मुंबईचा सौरभ नेत्रावळकर. २०१० चा एकोणीस वर्षांखालचा विश्वचषक भारताकडून खेळलेला, मग कॉर्नेल विद्यापीठात शिकून ओरॅकल कंपनीत इंजिनिअर झालेला. त्याने विराट कोहलीला पहिल्याच चेंडूवर आणि रोहित शर्माला ३ धावांवर परत पाठवले. १११ धावांचे लक्ष्य तेव्हा डोंगराएवढे दिसू लागले. सूर्यकुमार यादव आणि शिवम दुबे सावकाश पुढे सरकत होते, ३० चेंडूंत ३५ धावा हव्या होत्या, आणि तेवढ्यात पंच पॉल रायफल यांनी अमेरिकेचा कर्णधार ॲरन जोन्स याला बोलावून भारताला ५ धावा बहाल केल्या. एकही चेंडू न टाकता ३५ च्या ३० झाल्या.

नियम नवा होता. षटक संपले की ६० सेकंदांत पुढच्या षटकाचा पहिला चेंडू टाकायला तयार राहायचे. मैदानावरच्या फलकावर ६० ते शून्य अशी उलटी मोजणी दिसते. दोनदा समज, तिसऱ्यांदा ५ धावा. डिसेंबर २०२३ पासून त्याची चाचणी सुरू झाली होती आणि त्या विश्वचषकापासून तो कायमचा झाला. अमेरिकेच्या संघाने त्या डावात तिसऱ्यांदा मुदत ओलांडली होती. व्यूह लावणे, गोलंदाजाशी बोलणे, क्षेत्ररक्षक इकडून तिकडे हलवणे यात मिनिट कसे जाते ते कळत नाही, आणि बलाढ्य संघाशी खेळताना तर अशा चर्चा जास्तच होतात. तिकडे ५ यार्ड, इकडे ५ धावा. आकडा जुळला हा योगायोग. क्रिकेटच्या कायद्यात मुद्दाम वेळ घालवणाऱ्या क्षेत्ररक्षक संघाला ५ धावांचा दंड आधीपासून होता. मात्र ‘मुद्दाम’ हे पंचाने ठरवायचे असल्याने तो क्वचितच लागू व्हायचा. घड्याळ लागल्यावर पंचाला कोणाच्या मनात शिरायची गरज राहिली नाही. भारताने सामना १० चेंडू राखून जिंकला, त्यामुळे त्या ५ धावांवरून मोठा वाद झाला नाही. शेवटच्या षटकात निकाल लागला असता, तर गल्लोगल्ली हाच एक विषय असता.

कबड्डीने वेळेचा प्रश्न फार पूर्वी, घड्याळाशिवाय सोडवला होता. चढाईची मुदत म्हणजे चढाई करणाऱ्याचा दम. एका श्वासात ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत जायचे आणि दम तुटायच्या आत मध्यरेषा गाठायची. कोणाची मुदत किती, हे ज्याच्या त्याच्या छातीवर अवलंबून. आता दमाचा नियम कागदावर शाबूत आहे, पण सूत्रे ३० सेकंदांच्या घड्याळाकडे गेली आहेत. तरीही आघाडीवरचा संघ निदान रेषा ओलांडून, तिथेच रेंगाळून, एकोणतिसाव्या सेकंदाला हात हलवत परत येऊ शकतो. नियमात बसणारी, पण कोणाच्याही कामाची नसलेली चढाई. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसरीत गुण आणायचाच, नाहीतर चढाई करणारा बाद, हा नियम त्यासाठीच आला आणि प्रो कबड्डीमुळे घरोघरी पोहोचला. बास्केटबॉल हे दुखणे आधीच भोगून बसला होता: नोव्हेंबर १९५० मध्ये फोर्ट वेन पिस्टन्सने मिनिआपोलिस लेकर्सविरुद्ध चेंडू नुसता हातात खेळवत ठेवून अख्खा सामना १९-१८ असा जिंकला, आणि १९५४ पासून तिथे २४ सेकंदांत बास्केटकडे चेंडू फेकणे बंधनकारक झाले.

खो-खोची तऱ्हा या सगळ्यांहून उलटी. तिथे वेळ काढणे हेच कसब. वर्तमानपत्रात खो-खोची बातमी वाचणाऱ्याला ठाऊक असते, खेळाडूच्या नावापुढे कंसात आधी त्याने किती मिनिटे संरक्षण केले ते छापतात आणि मग किती गडी टिपले ते. बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यात मूळ गाव असलेली प्रियंका इंगळे जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारतीय महिला संघाची कर्णधार होती. सात-सात मिनिटांच्या चार पाळ्यांचा वेगवान प्रकार तिथे खेळवला गेला. त्यात संरक्षकांच्या एका तुकडीने तीन मिनिटे काढली की एक गुण आणि पुढच्या प्रत्येक ३० सेकंदांना आणखी एक गुण अशी सोय होती, तिला ‘ड्रीम रन’ म्हणतात. १९ जानेवारीच्या अंतिम सामन्यात भारताने नेपाळला ७८-४० असे हरवले. त्यात शेवटच्या पाळीत भारताची एक तुकडी पाच मिनिटांहून जास्त टिकली आणि तिने नुसत्या तगून राहण्याचे ५ गुण मिळवले. इथेही पाचच! खांबाला वळसा, हुलकावणी, पाठलाग करणारीला एकेरी साखळीत गुंतवणे, हे सगळे वेळ खाण्याचेच प्रकार, आणि प्रेक्षक त्यांना टाळ्या देतो. धावणारीला थांबायची सोय नाही, म्हणून असेल.

उभ्या उभ्या वेळ काढणाऱ्याचेही कौतुक होते, पण ते क्वचित आणि बहुधा मागाहून. संजय बांगरचा जन्म बीडचा, क्रिकेट रेल्वेकडून बहरलेले. ऑगस्ट २००२ मध्ये लीड्सच्या हेडिंग्ली मैदानावर भारताने ढगाळ हवेत नाणेफेक जिंकून आधी फलंदाजी घेतली, तेव्हा भुवया उंचावल्या होत्या. वीरेंद्र सेहवाग ८ धावांवर गेला, धावफलकावर १५. मग बांगरने राहुल द्रविडसोबत १७० धावांची भागीदारी केली. त्याच्या स्वतःच्या धावा ६८, त्यासाठी त्याने घेतलेले चेंडू २३६. नव्या चेंडूची लकाकी जाईपर्यंत सोडता येतील ते चेंडू सोडायचे, लागतील ते अंगावर घ्यायचे, एवढाच त्याचा कार्यक्रम होता. पुढे द्रविड १४८, सचिन तेंडुलकर १९३, सौरव गांगुली १२८ आणि भारत ८ बाद ६२८. एक डाव आणि ४६ धावांनी विजय. तीन शतकांच्या गर्दीत ते ६८ हरवले, पण त्या कसोटीविषयी बोलताना जाणकार आजही आधी बांगरचे नाव घेतात.

जून २०२५ पासून ६० सेकंदांचे घड्याळ कसोटीतही आले आहे. समज दोनच, दंड तोच ५ धावांचा. फक्त दर ८० षटकांनी समजांची मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. हे घड्याळ चेंडू टाकणाऱ्या संघापुरते आहे. खेळपट्टीवरच्या फलंदाजाने गोलंदाज धावायला तयार असताना उभे असले पाहिजे, इतकीच अट त्याला लागू होते. उभे राहिल्यावर आलेला चेंडू त्याने मारायचा की सोडून द्यायचा, यासाठी कसोटीत अजून कुठलेही घड्याळ बसवलेले नाही.